भाव कुठून आणायचा म्हणे!

आषाढीला सुरू झालेला वाद कार्तिकी तोंडावर आली तरी मिटलेला नाही. म्हणजे गल्लीत तो केव्हाच मिटला. तिथे आता नळाचं पाणी आणि रस्त्याचं काँक्रीट हे विषय चालू आहेत. मीच इथे जर्मनीत, लाइपझिगमध्ये बसून एक वाक्य चघळते आहे.

वाक्य असं: "गळा आहे हो तिचा, पण भाव कुठून आणणार?"

नगरला (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण माझ्या बोटांना अजून वळण पडलेलं नाही) आमच्या गल्लीचं मंडळ दर आषाढी एकादशीला संध्याकाळी अभंगांचा कार्यक्रम ठेवतं. दोनशे खुर्च्या, मागच्या टेबलावर शेंगदाण्याचे लाडू आणि राजगिऱ्याच्या वड्या, पुढच्या रांगेत गुडघेदुखीवाले. यंदा गायला एका क्लासवाल्या मुलीला सांगितलं होतं. विशारद झालेली, गल्लीतली निम्मी पोरं तिच्याकडे पेटी शिकतात. ती ख्रिश्चन आहे हे आडनावावरूनच कळतं, आणि नगरमध्ये त्यात नवल वाटावं असं काही नाही. आमच्या वर्गात पाच-सहा जण तरी असायचे. पत्रिका ग्रुपवर पडली आणि अर्ध्या तासात एका काकांनी वरचं वाक्य टाकलं. त्याखाली दुसऱ्या कुणी तरी: "अभंग हा गाण्याचा प्रकार नाही, उपासना आहे. आपल्यामुळे तिचीही कुचंबणा नको." सत्तावीस अंगठे.

मला राग आला तो या दुसऱ्या वाक्यातल्या सभ्यपणाचा. वाईट काही लिहिलं असतं तर भांडता आलं असतं. इथे तर तिची काळजी घेऊन तिला बाहेर काढत होते.

शेवटी तोडगा निघाला. तिने भावगीतं म्हणावीत, अभंग नकोत. एकादशीच्या संध्याकाळी, विठोबाच्या फोटोपुढे, भावगीतं! हा निरोप कळवण्याचं काम मंडळाचा सेक्रेटरी म्हणून माझ्या दादाकडे आलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घसा बसल्याचं कळवलं. मग ग्रुपवर तिला 'लवकर बऱ्या व्हा'ची फुलं पडली. आयत्या वेळी श्रीगोंद्याहून एक बुवा आणले. दादा म्हणतो, कार्यक्रम छान झाला.

हे सगळं मी वाचलं ते ट्राममध्ये, मांडीवर बेचाळिसाव्या स्तोत्राची वही घेऊन: शब्द बायबलमधले, संगीत मेंडेल्सझोन या जर्मन संगीतकाराचं. मंगळवार होता, चर्चच्या कोरसच्या प्रोबला, म्हणजे तालमीला, चालले होते. सुट्टी लागायच्या आधीच आमच्या कांटोरने, म्हणजे कोरसच्या संचालकाने, नोव्हेंबरच्या कार्यक्रमाची तयारी सुरू केली होती, आणि मी एका हाताने पेन्सिलने श्वासाच्या खुणा करत दुसऱ्या हाताने नगरचा तमाशा वर सरकवत होते. दोन्हींत एकच प्रश्न चालू आहे हे लक्षात यायला मला दोन स्टॉप लागले.

या स्तोत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दादाला मी सांगायला गेले तर तो "तुझं तिकडचं वेगळं असतं" म्हणून फोन वहिनीकडे देतो. फेलिक्स मेंडेल्सझोनचं लग्न १८३७च्या मार्चमध्ये फ्रँकफर्टला झालं, वय अठ्ठावीस. नवरी सेसील, एका फ्रेंच प्रोटेस्टंट पाळकाची मुलगी. मधुचंद्राला दोघं फ्रायबुर्ग आणि ब्लॅक फॉरेस्टकडे गेले आणि तिथे याने या स्तोत्राला संगीत द्यायला घेतलं. एकल सोप्रान (उंच पट्टीतली गायिका), कोरस आणि वाद्यवृंद, सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पहिले शब्द आहेत: हरीण जसं ताज्या पाण्यासाठी ओरडतं, तसा माझा जीव, देवा, तुझ्यासाठी ओरडतो. पुढे आहे: रात्रंदिवस माझे अश्रू हेच माझं अन्न. मधुचंद्रात असलं काही लिहीत बसणाऱ्या नवऱ्याकडे सेसीलने कसं पाहिलं असेल, हा विचार आम्हा आल्टोंच्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या बायकांच्या, रांगेत दर दोन आठवड्यांनी एकदा होतो. १ जानेवारी १८३८ला इथल्या गेवांडहाऊस या संगीतसभागृहात ते गायलं गेलं. संगीतकार शुमान तेव्हा याच गावात संगीतावर लिहीत होता. त्याने हे मेंडेल्सझोनच्या चर्चसंगीताचं सर्वांत उंच शिखर मानलं.

पण मेंडेल्सझोन चर्चसंगीत लिहीत होता म्हणजे नेमकं कोण लिहीत होतं? आजोबा मोझेस मेंडेल्सझोन, ज्यू तत्त्वज्ञ, ज्यांनी हीच सगळी स्तोत्रं हिब्रूतून जर्मनमध्ये आणली आणि १७८३मध्ये छापली. वडील आब्राहाम यांनी १८१६मध्ये मुलांना बाप्तिस्मा दिला तेव्हा फेलिक्स सात वर्षांचा होता. आईबापांनी स्वतः घेतला तो आणखी सहा वर्षांनी. आडनावाला 'बार्थोल्डी' असं शेपूट लावलं, आणि वडिलांची इच्छा अशी की मुलाने हळूहळू 'मेंडेल्सझोन' टाकूनच द्यावं. १८२९च्या एका पत्रात ते पोराला बजावतात की ख्रिस्ती मेंडेल्सझोन असणं हे ज्यू कन्फ्यूशियस असण्याइतकंच अशक्य आहे. मुलाने दोन्ही नावं ठेवली. आणि स्तोत्राला चाल द्यायची वेळ आली तेव्हा आजोबांचं भाषांतर न घेता प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लुथरचं घेतलं. कशातून बाहेर पडायचं आणि काय खिशात ठेवायचं, याचा इतका बारीक हिशेब मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. नाही म्हणायला आम्ही परदेशात राहणारे सगळे तोच करतो, फक्त आमच्याकडून त्याचं संगीत होत नाही.

त्याच १८२९मध्ये, ११ मार्चला, वीस वर्षांच्या या मुलाने बर्लिनमध्ये बाखचं मॅथ्यू पॅशन, येशूच्या मरणाची कथा सांगणारं मोठं चर्चसंगीत, पुन्हा उभं केलं. जवळजवळ शंभर वर्षं ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं असं, याच लाइपझिगच्या थॉमस चर्चसाठी लिहिलेलं काम. सोबत मित्र एदुआर्द देव्हरीएंट, हा नट आणि गायक. देव्हरीएंटने आठवणींत लिहून ठेवलंय की तेव्हा फेलिक्स म्हणाला, लोकांना सर्वांत थोर ख्रिस्ती संगीत परत मिळवून द्यायला एक नट आणि एक ज्यू पोरगा लागला. तो स्वतःच्या जन्माबद्दल सहसा बोलत नसे, त्या दिवशी बोलला.

आता भाव. मेंडेल्सझोन १८४७च्या नोव्हेंबरात गेला, इथेच, आज जिथे त्याचं संग्रहालय आहे त्या घरात. तीन वर्षांनी एका संगीतविषयक नियतकालिकात टोपणनावाने एक लांबलचक लेख आला. नियतकालिक लाइपझिगचं, शुमाननेच सुरू केलेलं. लेखक संगीतकार रिखार्ड वाग्नर, जन्म लाइपझिगचा. त्याने मेंडेल्सझोनला शिव्या दिल्या नाहीत. उलट म्हणाला, याच्याकडे प्रतिभा भरपूर, शिक्षण उत्तम, सचोटी वादातीत. पण काळजाला हात घालणारा परिणाम काही त्याला एकदाही साधला नाही. का नाही साधला? कारण ज्यू माणूस पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या देशात राहिला तरी तिथली भाषा परक्यासारखीच बोलतो, त्याला नक्कल येते, आतून येत नाही.

म्हणजे काय? गळा आहे हो त्याचा, पण भाव कुठून आणणार?

मी हे वाचलं तेव्हा मला काकांची आठवण झाली आणि काकांचं वाक्य वाचलं तेव्हा वाग्नरची. काकांनी वाग्नरचं नावही ऐकलेलं नसणार. ते निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी हरिपाठ म्हणतात, पावसाळ्यात गल्लीतल्या कुत्र्यांना स्वतःच्या पोर्चमध्ये घेतात. वाईट माणूस नाही. पण हे वाक्य असं आहे की ते बोलायला वाईट असावं लागत नाही. आणि त्याला पुरावा लागत नाही, उत्तरही देता येत नाही. ती मुलगी चुकीचं गायली असती तर सूर दाखवता आला असता. भाव नाही म्हटल्यावर तिने काय दाखवायचं? छाती फाडून दाखवायची सोय एकट्या मारुतीला होती.

दादाला मी फोनवर हे सुनावलं. म्हटलं, मी इथे सतरा वर्षांपूर्वी आले, नऊ वर्षं चर्चच्या कोरसमध्ये गाते आहे, बाप्तिस्मा नाही, किर्शेनश्टोयर (चर्चचा कर) भरत नाही, पहिल्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला गेला: आल्टो की सोप्रान? माझ्या शेजारी एक निवृत्त दंतवैद्य बाई बसते. डीडीआरमध्ये, म्हणजे जुन्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत वाढलेली, देवाचं नाव घेते ते फक्त ट्राम चुकल्यावर. या गावातल्या बहुसंख्य लोकांचं कुठल्याच चर्चमध्ये नाव नाही, तरी दर शुक्रवारी संध्याकाळी थॉमस चर्चमध्ये बाख ऐकायला बाकं भरलेली असतात. संगीत आधी, बाकीचं ज्याचं त्याने बघावं. याला म्हणतात संस्कृती, असंही मी म्हणाले. आता आठवलं की कसंसंच होतं.

दादा म्हणाला, "बरंय की मग. तुमच्याकडे देवच उरला नाही म्हणून कुणीही गातं. आमच्याकडे आहे अजून."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यातून मी त्याला सगळं सांगितलंही नव्हतं. मेंडेल्सझोनचा पुतळा गेवांडहाऊससमोर १८९२पासून उभा होता. १९३६च्या नोव्हेंबरात, नाझींच्या राज्यात, ९ आणि १० तारखेच्या मधल्या रात्री, ज्यू माणसाचा म्हणून तो काढून टाकण्यात आला. महापौर ग्योर्डेलर परगावी होते, त्यांच्या पाठीमागे उपमहापौराने ते उरकलं. परत आल्यावर त्यांनी राजीनामा दिला, आणि पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सापडून १९४५मध्ये फासावर गेले. पुतळ्याची हुबेहूब नक्कल थॉमस चर्चजवळ उभी राहिली ती २००८ साली. मी इथे आले त्याच्या आसपास. गोटशेडश्ट्रासवर सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जिथे होतं तिथे आता १४० रिकाम्या ब्राँझच्या खुर्च्या आहेत, रांगेत मांडलेल्या. कार्यक्रम सुरू व्हायचा आहे आणि कुणी येणार नाही, अशा. मी त्यांच्यावरून रोज सायकल दामटत जाते. दादाला यातलं काही सांगितलं नाही कारण त्याने लगेच पकडलं असतं: तुमच्याकडे वाद ग्रुपवर मिटत नव्हते वाटतं. खरं आहे. मी जी संस्कृती त्याच्या तोंडावर मारत होते ती इथल्यांनी एकदा मोडून मग परत जोडलेली आहे, आणि सांधा दिसतो.

ते जाऊ दे. मला सांगायचंय ते एका शब्दाबद्दल.

स्तोत्राचा तिसरा भाग आहे. सोप्रान आधी एकटी म्हणते की लोक मला रोज विचारतात, आता कुठे आहे तुझा देव? मग ताल बदलतो, चालायचा ताल येतो, आणि तिच्यामागे आम्ही बायकांचा कोरस उचलतो. फक्त बायका, पुरुष गप्प. लुथरची जर्मन अशी आहे: मला त्या 'हाउफेन'बरोबर जायचं होतं, आणि त्यांच्यासोबत 'वालेन' करायचं होतं, देवाच्या घरापर्यंत. हाउफेन म्हणजे ढीग, रास, माणसांच्या बाबतीत घोळका. सभ्य शब्द नाही. आणि वालेन? कांटोरने वाद्य थांबवून विचारलं, कुणाला माहीत आहे वालेन म्हणजे काय? दंतवैद्य बाई म्हणाली, "बटाट्याचं पाणी उकळायला लागतं तेव्हा ते वालेन करतं." सगळे हसले. खरंच आज रोजच्या बोलण्यात तो शब्द उकळण्यासाठीच उरलाय, किंवा अंगावरचा पायघोळ झगा हलतो त्याला म्हणतात. कुणी म्हणालं लाटा येणं, कुणी म्हणालं झुलणं. पन्नास जर्मन माणसं, स्वतःच्या बायबलमधला शब्द, आणि कुणाला तो धड सांगता येईना.

मी हात वर केला. म्हटलं, देवाच्या ठिकाणी चालत जाणं, एकट्याने नाही, खूप लोकांनी मिळून, गात. आमच्याकडे त्याला एक शब्द आहे.

कांटोर म्हणाला, "मग तो म्हणा."

वारी, मी म्हटलं. त्याने पेन्सिलने आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "छान, आता आल्टो तसं गातील." आणि खरंच सांगते, त्या दिवशी आमच्या ओळीचं वजन बदललं. आधी आम्ही ते पटपट, टाचा उचलून गात होतो. आता पाय जमिनीला लागले.

मी ते गाताना माझ्या डोळ्यांपुढे काय होतं? जॉर्डन नदी नव्हती आणि जेरुसलेमचा डोंगर तर मुळीच नव्हता. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि नगरवरून पुढे जाते. आमच्या लहानपणी तिच्या मागच्यापुढच्या दिंड्यांतले लोक गल्लीच्या तोंडाशी थांबायचे. आई पितळी पातेल्यात चहा करायची, मी स्टीलचे पेले घेऊन उभी. एका म्हातारीने पेला तोंडाला न लावता वरून चहा ओतून घेतला, रिकामा पेला माझ्या हातात देताना माझ्याच पायाला हात लावला आणि 'माउली' म्हणाली. मी आठ वर्षांची. इतकी घाबरले की पेला टाकून घरात पळाले. तर मंगळवारी संध्याकाळी, लुथरच्या शब्दांवर आणि मेंडेल्सझोनच्या चालीवर, मी त्या म्हातारीच्या मागून चालते. आता काकांनी सांगावं हा भाव कुठल्या खात्यात टाकायचा. ख्रिस्ती उपासनेत मी विठोबा लपवून नेते म्हणजे दोन्हीकडची चोर.

आणि खरं तर चालते हेही खोटं आहे. दुसऱ्या भाषांतरांत ही ओळ आठवण म्हणून येते: मी पूर्वी त्या मेळ्याबरोबर देवाच्या घरी जात असे. स्तोत्र रचणारा दूर कुठेतरी अडकलाय, त्याला सणाचे दिवस आठवताहेत. लुथरने मात्र ते 'मला जायला आवडेल' असं करून टाकलंय. आठवण नव्हे, इच्छा. मी वारीत एक पाऊलही चाललेले नाही. शाळा असायची, मग कॉलेज, मग पुणे, मग व्हिसा. पेले धरले तेवढेच. सतरा वर्षं मी ज्याच्या आठवणीने व्याकुळ होते ते मी कधी केलेलंच नाही, हे मला एका जर्मन क्रियापदाने दाखवून दिलं. लुथर माझ्या बाबतीत जास्त अचूक निघाला.

नगरकरांनी तर भावाच्या गप्पा मारूच नयेत, हे माझं मत अजून कायम आहे. ऐन वेळी आणलेले बुवा आले ते श्रीगोंद्याहून, म्हणजे मुसलमान संतकवी शेख महंमदांच्या गावाहून. 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद' हे आम्हाला शाळेत पाठ होतं. भाव कुठे असतो याचा पत्ताच दिलाय त्यात. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर कितीतरी वर्षं नगरमध्ये काढली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. नगरच्या चर्चमध्ये आजही त्यांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतात. म्हणजे ती मुलगी लहानपणापासून अभंगाच्या वळणावरच वाढली आहे. तिच्या घरात तुकोबांची चाल येशूसाठी आली तेव्हा तुकोबांनी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. मी हे सगळं लिहून काढलं, चांगलं तीन परिच्छेद, शेख महंमदांच्या ओळीसकट. ग्रुपवर टाकलं नाही, एका मैत्रिणीला पाठवलं. ती गल्लीतच राहते. तिने तो शेख महंमदांचा मुद्दा आपल्या नावावर ग्रुपवर टाकला, बिचारी. उत्तर आलं: "ते संत होते. ही क्लास घेते."

याच्यावर मी ट्राममध्ये मोठ्याने हसले. समोरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली करून पाहिलं.

आता जे दादाला सांगितलं नाही त्यातलं दुसरं. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी आमचा एक कार्यक्रम झाला, नंतर किर्शेनकाफे, म्हणजे चर्चमधलं कॉफीपान, होता. रवाळ चीजकेक, थर्मासमधली कॉफी. एक वृद्ध बाई, अगदी प्रेमळ, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "किती मनापासून गाता हो तुम्ही. तुम्हाला हे सगळं परकं असूनही." मी धन्यवाद म्हटलं. अजून एक तुकडा केक घेतला. दंतवैद्य बाई शेजारीच उभी होती, जिला यातलं काहीही खरं वाटत नाही, पण तिला हे परकं आहे असं कुणी म्हणत नाही. तिच्याकडे भाव नसला तरी चालतो कारण तिच्याकडे पत्ता आहे. भाव मागतात तो फक्त बाहेरच्याकडे, जसा आम्हा परदेशी लोकांकडे आउफएंटहाल्टस्टिटेल, म्हणजे राहण्याचा परवाना, मागतात. माझा मुलगा इथे जन्मला, झाक्सिश, म्हणजे इथल्या सॅक्सनीचे, हेल काढून बोलतो, त्याच्या भाषेच्या चुका मी नाही तो माझ्या काढतो. त्यालाही विचारतात, हो, पण मूळचा कुठला? वाग्नरने लिहिलं तेच, फक्त आता त्याच्या सोबत केक देतात.

चर्चच्या नेहमीच्या उपासनेतही आम्ही कधी कधी गातो. आबेंडमालच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, वेळी कोरसमधले लोक खाली उतरतात, वेदीभोवती अर्धवर्तुळात उभे राहतात. वर गॅलरीत उरतो आम्ही चार-पाच जण. दंतवैद्य बाई पर्समधून घशाच्या गोळ्या काढते, मला एक देते, कागदाचा आवाज होऊ नये म्हणून खोकून घेते. खाली ते एकमेकांचे हात धरतात. मला उतरायचं नसतं, उतरणारही नाही, तो माझा देव नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी दर वेळी त्या पाच मिनिटांत मी वहीची पानं उगाच उलटत बसते.

या स्तोत्राचा शेवट मेंडेल्सझोनने स्वतःचा जोडलाय. मूळ बेचाळिसाव्या स्तोत्रात जो नाही तो जयघोष: 'इस्रायलच्या देवाची स्तुती असो, आतापासून अनंतकाळापर्यंत.' ख्रिस्ती श्रोत्यांना ते ओळखीचंच वाटतं, त्यांच्याही बायबलमध्ये असतंच ते. पण बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यू माणसाने, आजोबांचं भाषांतर बाजूला ठेवल्यावर, शेवटच्या पानांवर अख्ख्या कोरसकडून आणि वाद्यवृंदाकडून हेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यावेत! मला ते उघड्यावर काहीतरी पुरून ठेवल्यासारखं वाटतं. यात मी माझं घुसवत असेन. असेनच.

आईला मी 'गाण्याचा क्लास' असं सांगितलंय. नऊ वर्षं झाली. ती दर महिन्याला एकदा विचारते, क्लासची फी किती. वहिनीला खरं माहीत आहे, दादालाही. मागे एकदा वहिनीच म्हणाली, "तू तिकडे चर्चमध्ये गातेस ते आम्ही इथे कुणाला बोलत नाही हो. उगाच कशाला." मी म्हटलं, बरं करता.

परवा प्रोबला मी तिसऱ्या भागाचं रेकॉर्डिंग केलं, फोन स्वेटरच्या खिशात ठेवून, त्यामुळे जरा घुसमटलेलं आलंय. वहिनीला पाठवलं. तिला संगीतातलं कळतं. माहेरी सगळे वारकरी, ती स्वतः दोनदा आळंदीहून पायी गेलेली आहे, आमच्या घरात खरी चाललेली तेवढी एकच. तिने रात्री फोन केला. म्हणाली, "बायकाच आहेत ना सगळ्या? छान वाटतंय. काय म्हणताय काय पण?" मी सांगितलं: खूप लोक मिळून गात गात देवाच्या घरी चाललेत, आणि मला पण त्यांच्यासोबत जायचं होतं.

"म्हणजे वारीच की गं," वहिनी म्हणाली.

मग थोडं थांबून, "कार्तिकीच्या कार्यक्रमाला पुन्हा त्या मुलीचं नाव निघालंय. हे टाकू का ग्रुपवर? तुझ्या नावाने? चर्चमध्ये गातेस हे पण लिहिते."

मी म्हटलं, नको.